रूटच्या लॉगिनने
एसीचा कोंदट गारवा नाकात शिरला की बरखेड्याच्या कारखान्यातली आमची कॉम्प्युटर रूम आठवते. तिथली मशीन मी सांभाळायचो. एकदा सर्व्हरवर जागा उरली नव्हती, म्हणून मी जुन्या फायली काढत होतो. माझ्या लॉगिनने दुसऱ्याची फाइल पुसता येत नसे. पण सोय म्हणून मी दिवसभर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिननेच बसायचो, आणि रूटला मशीन अडवत नाही. एका चुकीच्या कमांडने आमच्या वयस्क डिझायनरसाहेबांची टर्बाइनची अकरा वर्षांची गणितं गेली. बॅकअपची टेपही वाचता येईना. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अरे, स्वतःच्या नावाने बसला असतास तर मशीनने अडवलं असतं ना?" मी "हो" म्हणालो. जेवणाचा भोंगा होईपर्यंत ते रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहिले. महिन्याभरात निवृत्त झाले. आजही रूटचा पासवर्ड टाकायची वेळ आली की मी आधी मागे वळून पाहतो.