गरिबी तोंडावर कशाला

त्या दिवशी ओट्यावर मी होते, माझी सून होती, शेजारची शकीनाबी होती, घरकुलाची यादी करणारा साहेब होता आणि ती होती. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही.

ती माझ्यासारखीच निंदायला जाणारी, एकटी. कुडाच्या घरावर प्लास्टिक टाकून राहते. पण तांब्यात निखारे घालून साडीला इस्त्री करते. ओठांना बीट चोळते, काजळ घरीच दिव्यावर धरते, पावडरची एक डबी दिवाळी ते दिवाळी पुरवते.

साहेब यायच्या आधी सून तिला म्हणाली, "मावशी, आज तरी तोंड धुई टाक. साहेबले गरीब दिसाले पाहिजे."

"गरिबी घरमा शे ना? मंग तोंडवर कसाले?"

मला मात्र सुनेनं फाटकं लुगडं नेसवलं होतं. आमच्या घरावर पत्रे होते, तरी मी ते नेसून ओट्यावर बसले.

साहेबानं तिला विचारलं, "बाई, घरात नोकरीला कोण आहे?" ती लाजली. तिला ते कौतुकच वाटलं. साहेब तिच्या दारात डोकावलासुद्धा नाही.

यादीत माझं नाव आलं, तिचं नाही. शकीनाबी तिला म्हणाली, "और लगा पावडर!"

माझ्या नव्या घरापुढे सरकारी फोटो काढायचा होता, त्या सकाळी ती डबी घेऊन आली. माझ्या तोंडाला पावडर लावत म्हणाली, "आते पक्कं घर शे तुन्हं, माय. गबाळी नको दिसू."

मला तिच्याकडे बघवेना.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी यादी करायला गेलात, तर बाईचं तोंड बघून लिहू नका. वाकून घरात बघा.