भावोजींनी उघडलेला बीम

शोभाताईचा फोन आला तेव्हा मी पीठ चाळत होते. "मंगल, हे गेले गं," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला, उरलेलं पीठ चाळून डब्यात भरलं, झाकण लावलं आणि मग यांना हाक मारली. पाच आठवडे झाले. त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते, पण रडू काही आलेलं नाही...

वसंतभावोजी माझ्या मोठ्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान, चामटोलीचे. उभं आयुष्य उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सुतारकाम केलं. सिंधी शेटचं ऐकून ऐकून त्यांच्याही तोंडात 'साईं' बसलं होतं. आठवडाभर छातीत जळजळतंय म्हणत होते, सोडा पीत होते. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आमचं अंबरनाथचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. हॉलमधला सिमेंटचा बीम लाकडी दिसावा म्हणून त्यांनी हौसेनं त्याला नक्षीच्या सागवानी फळ्या ठोकून घेतल्या होत्या. चार वर्षांपूर्वी एक फळी सुटून झुकली, भुसा गळायला लागला. बरोबर खाली सासूबाईंची खाट. यांनी कंत्राटदार ठरवला. तो म्हणाला, जुन्यावरूनच पीव्हीसी मारतो, एका दिवसात काम. भावोजी त्या दिवशी सहज आले होते. स्टुलावर चढून त्यांनी फळीवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "झाकू नका. आत काय झालंय ते आधी बघू."

सासूबाई खाट हलवू देईनात. "ह्यांनी उभं राहून करून घेतलंय ते. तोडायचं नाही." भावोजी खाटेशेजारी जमिनीवर बसले. तासभर तरी बसले असतील. लाकूड कुठून आणलं, नक्षी कोणी काढली, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "आई, चांगलं लाकूड वीतभरही फेकणार नाही. तुम्ही तेवढ्या आतल्या खोलीत चला." सासूबाई उठल्या.

रविवारी मेन स्विच बंद केला, बीमखाली लोखंडी टेकू लावले, सगळ्यांनी मास्क बांधले. खेचाखेच नाही, दोघांनी धरून एकेक फळी उतरवायची. मागे उंदरांनी कुरतडलेली वायर निघाली. आणि बीम... फुगलेला, चिरलेला, आतल्या गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. भावोजींनी हत्यारं पिशवीत भरली. "हे आता सुताराचं काम नाही. इंजिनिअर बोलवा."

यांचा पारा चढला. "फळ्या बदलायच्या होत्या वसंतराव, घर नाही."

"साईं, आज मला शिव्या घाला. चालेल."

दोन दिवसांनी इंजिनिअर आले, भावोजीही आले. त्यांनी हातोडी हलकेच मारली आणि पोळपाटाएवढा तुकडा खाली पडला. जिथे सासूबाईंची उशी असायची, तिथे. फरशी फुटली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "वसंतराव, जेवून जा." भावोजी जेवले, यांच्याच शेजारी बसून.

बीम दुरुस्त झाल्यावर भावोजींनी हलक्या प्लायच्या फळ्या स्क्रूनं बसवल्या, कधीही उघडता याव्यात म्हणून. कडेला सासऱ्यांच्या नक्षीच्या पट्ट्या, जेवढ्या शाबूत होत्या तेवढ्या. दर दिवाळीआधी येऊन एक फळी उघडून टॉर्चनं बघून जायचे.

गेल्या रविवारी हे उठले. मेन बंद केला, सोफा सरकवला, स्टूल घेतलं. भावोजी उघडायचे तीच फळी सोडवली आणि माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात : 'मागे वायर आहे. मेन बंद करा. खाली कोणी बसलं नाही ना, बघा.'

पंखा बंद होता. यांनी टॉर्च फिरवली, "ठीक आहे" म्हणाले आणि हात पुढे केला. मी फळी लगेच दिली नाही.