कोचईच्या वड्या, आठ डबे

माझ्या दिवंगत पत्नीला जो पदार्थ डोळ्यांसमोर नको असे, तोच मी तिच्या पहिल्या नवमीला आठ डबे भरून तिच्यापुढे मांडला.

डबे मी आणले नव्हते. पण ते ज्या कागदावरून आले, तो माझा होता. समास सोडून, वळणदार अक्षरात लिहिलेला.

निर्मला गेल्या हिवाळ्यात गेली. अडतीस वर्षांच्या संसारात बोलायचं काम तिच्याकडे आणि वाचायचं माझ्याकडे, अशी आमची वाटणी. ती गेल्यावर घरात आवाज उरला तो फक्त पानं उलटण्याचा. शेवटी मुलीने नागपूरहून फोन केला. "बाबा, त्या वाचनालयातल्या गटात जा. नाहीतर मी तिकडे येऊन राहते." मी गेलो.

अर्जुनी मोरगावच्या वाचनालयात दर मंगळवारी दुपारी आम्ही नऊ निवृत्त माणसं जमतो आणि आपापल्या आयुष्याच्या आठवणी लिहितो. गट चालवतात बिसेन मॅडम. नियम दोनच. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा. आणि लिहिणाऱ्याच्या आठवणीला कोणी खोटं म्हणायचं नाही. (हा दुसरा नियम माझ्यासारख्या माणसाच्या हाती देणं धोक्याचं होतं, हे तेव्हा कोणाला कळणार!)

एका मंगळवारी विषय आला, 'गेलेल्या माणसाची आवड'. मी चार दिवस खपून एक पान लिहिलं. विषय अर्थातच कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या.

'परसातली कोचई वाढली की निर्मलेच्या अंगात उत्साह संचारे. पानांच्या शिरा काढताना ती लहान मुलीसारखी हातावर हात चोळी. तिचे डोळे पाणावत. आवडत्या पदार्थाच्या नुसत्या चाहुलीने इतकं आनंदलेलं मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही.'

बिसेन मॅडमनी चष्मा काढून पुसला. एसटीतून निवृत्त झालेले शेंडे कंडक्टर म्हणाले, "सर, वहिनी किती वड्या खाऊन टाकत?"

"ती मागून जेवायची, त्यामुळे आकडा सांगता येणार नाही," मी म्हणालो.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पुराव्याशिवाय विधान केलं म्हणून किती पोरांना बाकावर उभं केलं असेल, त्याची गणती नाही!

मग पितृपक्ष आला. नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्यांच्या आवडीचं रांधायचं, पान छपरावर ठेवायचं, कावळा शिवला की पोचलं. रांधायला निर्मलेची धाकटी बहीण कौसल्या तिरोड्याहून आदल्या दिवशीच आली होती. (माझं तोवर बाहेरच्या डब्यावर चाललं होतं.) गटातल्या लोकांना मी जेवायला बोलावलं होतं.

सर्वांत आधी शेंडे आले. हातात स्टीलचा डबा. "सर, घरून करून आणल्या. कोचईच्या." मग बिसेन मॅडम आल्या. डबा. मग तिसरे. डबा! मला वगळून त्यांनी फोनवर आपसांत ठरवलं होतं. अकरा वाजेपर्यंत ओसरीवर आठ डबे ओळीने बसले.

कौसल्याने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "भाऊजी, आज गावभरची कोचई आपल्याच घरी काऊन येऊन राह्यली? तुमची आवड लोकायले बी माहीत झाली का?"

"गटाचं प्रेम आहे," मी मोघम म्हणालो. ती पुन्हा पुऱ्यांकडे वळली.

शेंड्यांनी पानावर सर्वांच्या डब्यातली एकेक वडी वाढली आणि पान छपरावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "कावळा येईपर्यंत सरांचा तो लेख वाचू या." माझी वही शेंड्यांनीच उचलली. इंजिनाच्या आवाजावर गावांची नावं ओरडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने वाचलेलं स्वयंपाकघरातच काय, चौकापर्यंत गेलं असेल. 'हातावर हात चोळी' इथे ते पोचले आणि आत तळणाचा आवाज थांबला. कौसल्या झारा घेऊन बाहेर आली.

"थांबा जी कंडक्टर!"

शेंडे घंटी वाजल्यासारखे थांबले.

"कोण चोळे हात?"

"वहिनी. आनंदानं," शेंडे म्हणाले.

"आनंदानं? बाईचे हात खाजत!" (मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात.) "कोपरापर्यंत खाज चढे तिच्या. चिंच चोळूचोळू बसे. अन् त्याच हातानं डोळे पुसे, म्हून पाणी!"

"मग ती करायची कशाला?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. आठही जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम खाली पाहिलं.

"तुमाले आवडे म्हून! तिनं तं कधी तोंडात घातली नाही. मागून कायले जेवे? ताटात वडी नाही, हे तुमाले दिसू नये म्हून."

बिसेन मॅडम हळूच म्हणाल्या, "आपल्या गटात लिहिणाऱ्याच्या आठवणीला खोटं..."

"मी तुमच्या गटात नाही जी!"

तेवढ्यात छपरावर कावळा उतरला. खीर सोडली, पुरी सोडली आणि नेमकी वडी उचलली. बुडत्या माणसासारखा मी ओरडलो, "बघ! वडीच घेतली!"

"तो तुमच्या घराण्यातला असंल," कौसल्या म्हणाली. "बाई नाही."

गेले काही महिने मी ज्यांना बायकोचं चरित्र वाचून दाखवत होतो, त्यांच्या देखत मला तिच्या बहिणीला विचारावं लागलं, "मग तिला आवडायचं काय?"

कौसल्याने झारा खाली घेतला. तिचा आवाजही खाली आला. "दुसऱ्यानं रांधलेलं. काहीबी. माहेरी आली का शिळा भात बी खुशीनं खाये. पण ताट कोणी वाढून द्यावं तिले."

त्या दिवशी गटातल्या कोणीही मला एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रांधलं. कौसल्या अंगणात खाटेवर बसून हुकूम सोडत होती.

"तांदूळ धुतले का?"

"धुवायचे असतात?"

"अरे देवा!"

वरण-भाताला तीन तास लागले. पहिलं ताट मी निर्मलेच्या नावाने वाढलं. तिच्यासाठी वाढलेलं माझ्या हातचं पहिलंच. दुसरं कौसल्याला दिलं. तिने घास घेतला. बराच वेळ चावला. (वरण चावावं लागत होतं.)

"कसं झालंय?"

"बाई असती तं म्हणली असती, लय मस्त झालं."

"खरंच?"

"मंग! अडतीस वर्षं तिनं तुमाले खरं सांगतलं नाही, आता कायले सांगल?"

मला हसू आलं आणि मग बाकीचंही आलं. ते ओसरल्यावर मी वही ओढली. 'माझ्या हातचं वरण निर्मलेला फारच...' इथवर लिहून झालं आणि पाठीमागून आवाज आला.

"भाऊजी, पेन ठेवा. पयले भांडे घासा."

मी उठलो. भांड्यांचा साबण घरात कुठे असतो, ते तिलाच विचारावं लागलं.