पितळी पिनेच्या जागी

हे मी आजवर कोणाजवळही बोललेलो नाही. पत्नीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं, तिच्याजवळ तर नाहीच.

पनवेलच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवायला शिकवतो. आमचा एक जुना लेथ माझ्याहून वयाने मोठा आहे. त्याचं फीड अडलं — म्हणजे कापणारं टूल आपोआप पुढे सरकेनासं झालं — की काय करावं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. आधी वीज बंद करा. मग हाताने चाक फिरवा. जड कुठे लागतं ते बोटांना कळतं. मग गिअर पाहा, आणि शेवटी पितळी पिन. ही पिन मुद्दाम मऊ ठेवलेली असते. टूल कुठे आदळलंच, तर ती तुटते आणि यंत्र वाचतं. पिन वारंवार तुटत असेल तर दोष पिनेत नसतो — हे वाक्य मी मुलांकडून अधोरेखित करून घेतो.

सांगायचं ते हे नव्हे. पण सुरुवात इथूनच करावी लागते.

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दुपारी पिन पुन्हा तुटली. मी चाक फिरवून पाहिलं. एका जागी हात अडत होता. फीड थांबवायची लिव्हरही सहज सुटत नव्हती. टूल वाहून नेणारं कॅरेज खोलायला हवं होतं. मग परीक्षा पुढे गेली असती, आणि माझा लेथ बंद आहे, असं मला प्राचार्यांना सांगावं लागलं असतं. माझा लेथ कधी बंद नसतो, अशी माझी ख्याती होती ना? मी तुटक्या ड्रिलचा पोलादी दांडा मापाने कापला आणि पिनेच्या जागी ठोकला. फीड सुरळीत चाललं. मला — हेही सांगतो — समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या लेथवर वैशाली उभी राहिली. उरणजवळच्या मोरा बंदरातल्या, लाँचच्या धक्क्यालगतच्या कोळी घरातली मुलगी. वर्गात सर्वांत सफाईदार हात तिचा. पहिल्या येणाऱ्याला एका कारखान्यात शिकाऊ जागा ठरलेली होती, आणि ती तिचीच, असं आम्ही सारे धरून चाललो होतो.

लोखंडाचा तुकडा पकडून फिरणाऱ्या चककडे कॅरेज सरकत होतं. तिने लिव्हर वेळेवर दाबली. मी पाहत होतो. लिव्हर सुटली नाही. टूल चकवर आदळलं. पितळ तिथेच तुटलं असतं. पोलाद टिकलं, आणि गिअरचे दात उडाले. मागून कोणी तरी म्हणालं, "लाँच लागली धक्क्याला." मुलं हसली.

परीक्षकांनी मला विचारलं, "यंत्रात काही दोष होता का?"

"सर, लिवर सुटलाच नाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

मी परीक्षकांना म्हणालो, "काल मी स्वतः तपासलं आहे."

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच तर मी ते निवडलं.

ती नापास झाली, जागा दुसऱ्याला गेली. सगळे जेवायला गेले तेव्हा मी दांडा काढून खिशात टाकला आणि तुटकी पितळी पिन परत बसवली — उद्या कोणी उघडून पाहिलंच तर? कोणी पाहिलं नाही. तिने पुढे लेथला हात लावला नाही, असं ऐकतो.

पण मला जे सांगणं सर्वांत जड जातं, ते त्या संध्याकाळचं. वर्कशॉप बंद करत होतो, तेव्हा ती दाराशी आली. रडत नव्हती. म्हणाली, "सर, तुमची मशीन मोडली माझ्या हातून. मीच उशीर केला असंल."

स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास माझ्यासमोर सुटत होता, आणि एका वाक्याने मी तो धरू शकत होतो.

"होतं असं," मी म्हणालो. "मनाला लावून घेऊ नकोस."

मी तिला क्षमा केली. ती मान हलवून, माझे आभार मानून गेली.