सातव्या भिंतीचं नाव

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, लग्न झाल्यापासून मी एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे रीतच तशी. ते अंगणात आले की पदर डोक्यावर घ्यायचा, आणि त्यांचं नाव तर जिभेवर आणायचंच नाही. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंमार्फत. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही.

मग मी ग्रामपंचायतीत निवडून आले आणि तलावाचं लफडं माझ्या गळ्यात पडलं. पाणी उतरलं की काठची ओली जमीन उघडी पडते, तिथं लोक भाजीपाला पेरतात. पावसाळ्यात ती पुन्हा तलावाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पेरलं म्हणजे आपलंच झालं, असं धरून एकानं तिथं दगडी भिंत घातली. त्याचं पाहून दुसऱ्यानं. अशा सात झाल्या. सातवी आमच्या भासऱ्यांची, जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या सलंगीच्या अगदी तोंडाशी.

गेल्या श्रावणात भिंतींमुळे सलंगीतून पाणी निघेना, ते तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, माथ्याला टेकलं. भर दुपारी मी पाळीवर उभी होते आणि पायाखालची माती मऊ लागत होती. पाळीखाली ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, टोली, वीसेक घरांची वस्ती. तिथल्या एका अंगणात बाई लेकराला न्हाऊ घालत होती, तिला काही पत्ताच नव्हता.  पाणी ओसरलं, ती बाई काही माझ्या डोळ्यांपुढून हटली नाही.

म्हणून ठराव मीच मांडला: तलावाच्या पोटात कोणी भिंत घालायची नाही, घातलेली पावसाळ्याआधी काढायची. नवरा म्हणाला, तुला काय पडलंय, सरपंच बघेल. त्या सातांतली तिसरी भिंत सरपंचाचीच. तो काय बघणार, कप्पाळ.

ग्रामसभेत भासरे पुढच्याच सतरंजीवर बसले होते. कागद मी टेबलावर ठेवून वाचला. आधी ठराव, मग भिंतवाल्यांची नावं. सहा वाचली आणि घडी घातली. खोटं कशाला सांगू, ठरवून नाही गाळलं. जीभच वळली नाही. सरपंचानं लगेच पुढचा विषय काढला.

तेवढ्यात टोलीतली म्हातारी ढिवरीण उठली. "भिंती सात हायेत, बाई. मी रोज डोंग्यातून पायतो. सातवं नाव काऊन नाई घेतलं?"

नवरा जमिनीकडे बघत होता. आत्ता चक्कर येऊन पडले तर बरं, असं मला वाटलं. चक्कर काही येईना. मी कागद उघडला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भासऱ्यांचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. ठराव मंजूर झाला. घरी गेल्यावर जाऊबाई माझ्याकडे बघेनात. घरातून काढतील या भेवानं मी ताट तसंच झाकून ठेवलं.

महिना गेला. कोणी दगड हलवला नाही. बाकीचे सहाही जण एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, आणि आभाळ तर भरून यायला लागलं.

एका सकाळी सलंगीकडून दगडावर सब्बल, म्हणजे पहार, आपटल्याचे आवाज आले. धावत गेले तर भासरे एकटेच गुडघाभर चिखलात, भिंत अर्धी उतरवलेली. माझ्याकडे पाठ होती. जाऊबाई सोबत नव्हत्या, मधे कोणीच नव्हतं. माझी चाहूल ओळखून, मागं न वळताच ते बोलले.

"माह्यं नाव घेतलं, मी तोडून राहिलो. आता त्या साहाच्या दारात जा. पहिले सरपंचाच्या."

मी हो म्हणाले. त्यांच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द. सरपंचाच्या घराची वाट पाळीवरूनच जाते. माती अजून कोरडी होती, मी झपाझप चालायला लागले.