साडभाऊंच्या पेट्यांवरची खोटी नावं

स्वतःच्या हातानं लिहिलेल्या अक्षरावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. चिखली तालुक्यातल्या उंद्रीला त्यांचं घर आणि थोडं ओलिताचं शेत. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून ते घरच्या घरी विजेच्या पेट्या बनवतात. बॅटरी चार्ज करायची पेटी, टाकी भरली की ओरडणारी पेटी, विहिरीवरच्या मोटरची पेटी. पेटी दोन दिवसांत तयार होते, पण तिच्यावर अक्षरं उठवायला आठवडा जातो. कारण अक्षरं सुबक हवीत, आणि खोटी हवीत.

होय, खोटी! "खरं नाव लिहिलं म्हंजे चोराच्या हाती चाबीच देली की, मास्तर," असं ते मला समजावतात. त्यामुळे त्यांच्या घरात पंख्याच्या बटणावर 'घंटी' लिहिलेलं असतं आणि घंटीच्या बटणावर 'गिझर'. गिझर त्यांच्याकडे नाहीच. बॅटरीच्या गरीब पेटीवर त्यांनी कवटी, दोन हाडं आणि 'अकरा हजार व्होल्ट' छापलं आहे. एकदा मीटर पाहायला आलेला माणूस ती कवटी बघून दारातूनच परत फिरला, तर यांना त्याचाच संशय. "पळाला काऊन? कायतरी हेरून गेला बे!"

अक्षरं उठवण्याची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी. चिखलीच्या झेरॉक्सवाल्याकडून मजकूर चकचकीत कागदावर उलटा छापून आणायचा, तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पालथा घालून वरून गरम इस्त्री दाबायची, मग पत्रा पाण्यात बुडवून कागद बोटानं हळूहळू चोळून काढायचा. कागद जातो, शाई पत्र्यावर सुलटी राहते. उलटं छापणं ही खरं तर कामाची गरज, पण ती यांच्या स्वभावालाही फार मानवली. तरीसुद्धा छापून होईपर्यंत ते झेरॉक्सवाल्याच्या खांद्यावर हनुवटी टेकल्यासारखे उभे असतात आणि बिघडलेला कागदही घडी करून खिशात घालून आणतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुलढाण्याला झालं. एका दिवसात परत यायचे होते, पण साखर वाढली आणि डॉक्टरांनी ठेवून घेतलं. तिथंही थेंबांच्या बाटलीवरचं नाव वाचून ते नर्सला म्हणाले, "आधी दुसऱ्याच्या डोळ्यात टाका." इकडे गहू ओंबीवर आलेला. त्याला पाणी देणं भागच होतं, नाहीतर दाणा भरला नसता. शेतीची लाईन सकाळी थोडा वेळच यायची. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकट्या पडल्या म्हणून मी गेलो. मोटरच्या पेटीवर सहा काळी बटणं, सहा नावं आणि सहाही खोटी. मी फोन लावला.

"आवाज तर तुमचाच हाय," साडभाऊ म्हणाले. "पण बाजूले कोन हाय?"

"ताई आहेत."

"मंग नाई सांगत. मी आल्यावर पाहू."

फोनचा आवाज मोठा होता. ताईंनी ते ऐकलं आणि पदर उगाचच नीट केला. मला साडभाऊंचा इतका राग कधी आला नव्हता. त्या रागातच मी 'मोटर चालू' हे बटण दाबलं. मोटर गप्पच राहिली, पण पेटीत चोरासाठी बसवलेला भोंगा असा ओरडला की आजूबाजूच्या चार शेतांतली माणसं काठ्या घेऊन धावत आली.

ताईंनी मला कोपरानं बाजूला सारलं, 'रेडिओ' दाबून भोंगा गप्प केला, 'शेतघराचा दिवा' दाबला आणि पाटात पाणी आलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मले कुठी वाचता येते, जवाईबुवा?" त्या म्हणाल्या. धाकटी भावंडं सांभाळताना त्यांची शाळा राहूनच गेली होती. "तुम्ही अक्षरं पाहता. मी इतकी सालं त्याइचा हात पाहून राह्यली."

साडभाऊंनी सगळ्या गावाला चकवलं, पण तो चकवा फक्त वाचता येणाऱ्यांसाठी होता हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

परत आल्यावर ओलं वावर पाहून त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं आधी पेटीचे स्क्रू तपासले आणि मग मला. ताई म्हणाल्या, "त्याइले काय पाहता? म्याच चालवली."

"तुले कोनं सांगितलं?"

"तुमच्या हातानं. तोंडानं तर तुम्ही मले कधी सांगतलंच नाई."

साडभाऊ नुसतेच बांधावर जाऊन बसले. मग पुढच्या आठवड्यात इस्त्री तापली. नव्या पत्र्यावर एकही अक्षर नव्हतं. पाण्याचा थेंब, दिवा, भोंगा, अशी चित्रं, आणि सगळी आपापल्या खऱ्या जागी. मी मुद्दाम डिवचलं, "आता चोरालाही कळेल की!"

"कळू द्या," ते म्हणाले. "तिले कळलं पायजे."

डोळा काही फारसा सुधारला नाही. आतला पडदा साखरेनं आधीच खाल्ला होता, आणि आता दुसराही डोळा अंधुक होत चालला आहे. हल्ली पेटीसमोर दोघं उभे असतात. ताई त्यांचं बोट धरून चित्रावर ठेवतात. ते विचारतात, "हेच काय?" ताई म्हणतात, "हाव." आणि ते बटण दाबतात.