सात नंबरची हरळी

मुकादम पोपटने त्या दिवशी बायांना ‘निंदून घ्या’ एवढंच सांगितलं आणि तो विडी ओढायला झाडाखाली जाऊन बसला. सगळा घोटाळा तिथेच झाला.

साल एकोणऐंशी, महिना श्रावण. तुर्भ्याच्या पलीकडे, खाडीला टेकलेल्या एका गावच्या भातशेतांवर नवं शहर वसवणाऱ्या कचेरीने गोल्फचं मैदान काढलं होतं. मैदान सगळ्या जनतेसाठी, तिकीट काढील तो खेळेल, असं गेटावरच्या पाटीवर लिहिलं होतं. जनता अजून यायची होती. मजुरांनी महिनाभर चिखलात खपून हरळीची ठोंबं एकेक करून लावली होती, आणि ती जीव धरू लागली तेव्हा गावातल्या अकरा बाया रोजावर घेऊन पोपटने मैदानाच्या सात नंबरच्या पट्टीत उतरवल्या. बाया वाकल्या, पदर खोचले, गप्पा सुरू झाल्या. भाकरीच्या वेळेला साहेब फिरत फिरत आले तर बांधावर हरळीचे ढीग लागले होते. पट्टीत मात्र जुन्या पिकाच्या सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेलं भात मोठ्या दिमाखात उभं होतं. बायांनी त्याच्या मुळाशी मातीसुद्धा ओढली होती.

साहेब म्हणजे श्यामसुंदर, शेतकी कॉलेजातून बागायतीची पदवी घेऊन आलेला तिशीतला माणूस. ते बांधावर मटकन बसले.

“अहो, जे ठेवायचं ते काढलंत, आणि जे काढायचं ते ठेवलंत?”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी चांगुणाबाई घरत पुढे झाली. चाळिशी उलटलेली, काटक, तोंडाची फटकळ बाई.

“साहेब, हरली काढाचीच असते. एक मुळी रायली त सासू पाठीन धपाटा घालायची. आमी काय चुकलो?”

साहेब हसले की रडले ते पोपटला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे नक्की. त्यांनी कुणाला कामावरून काढलं नाही. हरळी पुन्हा लावायला लागली, आणि चांगुणाबाईला गावात ‘हरळीवाली’ हे नाव पडलं ते कायमचं.

एक गोष्ट साहेबांना नंतर कळली. ती पट्टी चांगुणाबाईचीच होती. सासऱ्याच्या वेळेपासून तिला ‘उघाडीचं शेत’ म्हणत. खाडीचं पाणी आत घुसू नये म्हणून शेतांना मोठा बांध असतो, आणि त्या बांधात पाणी कोंडायला-सोडायला फळ्यांची झडप असते. ती उघाडी. तिच्या तोंडाशीच घरतांचं शेत. जमिनी गेल्या तेव्हा नवऱ्याने, सितारामने, कागदावर अंगठा दिला, आणि पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त होऊन तो गेला. मुलगी केशर लग्न होऊन करंजाड्याला नांदत होती. चांगुणाबाई घरी एकटी. म्हणून तिला रोजाने का होईना, त्या शेतात पुन्हा पाय ठेवायला मिळतोय याचंच अप्रूप होतं, आणि म्हणूनच तिने त्या सकाळी इतक्या मनापासून निंदलं होतं.

साहेबांनी एक दिवस तिला कचेरीतला नकाशा दाखवला. नकाशाभर पिवळे आणि करडे चौकोन. पिवळ्यात घरं, करड्यात कारखाने. मध्येच एक हिरवा तुकडा.

“हे तुमचं शेत, चांगुणाबाई. मैदान नीट चाललं तर हे असंच उघडं राहील. नाही चाललं, तर इथेही पिवळा रंग यायला वेळ लागणार नाही.”

बस, एवढंच. पण त्या वाक्याने बाईच्या डोक्यात घर केलं. शेत आपलं राहिलं नाही हे तिला कळत होतं, ती काही खुळी नव्हती. पण हरळी जगली तर शेतावर आभाळ तरी राहील. रोज सकाळी जाऊन बघता येईल, मातीला हात लावता येईल. जिच्या मुळ्या शोधून काढण्यात अर्धं आयुष्य गेलं त्या हरळीसाठी आता ती डोळ्यांत तेल घालून राबायला लागली. माणसाला जगण्यापुरतं काहीतरी लागतं, मग ते हरळी का असेना.

हाताला मात्र ते पटायला वेळ लागला. पहिल्यांदा भाताचं रोप उपटताना तिने ते बुडाशी धरून दोनदा सोडून दिलं. ते साधं भात नव्हतं. राता होता, लाल दाण्याचा, खाऱ्या मातीतही तग धरणारा. तिच्या घरात माळ्यावर रात्याच्या बियाण्याची एक मुडी पेंढ्यात बांधून ठेवली होती. पेरायला वीतभर जमीन उरली नव्हती, तरी ठेवली होती. तिसऱ्या वर्षी मुडीला कीड लागायला लागली तेव्हा तिने ती सोडली, भात कांडलं आणि शिजवून खाल्लं. दुर्गाबाईला, म्हणजे शेजारणीला, वाटीभर दिलं. त्या जेवणाबद्दल ती पुढे कित्येक वर्षं कुणाशी बोलली नाही.

तोवर हातही शिकले होते. हरळीत भाताची काडी दिसली की अंगठा आणि बोट आपोआप बुडाशी जायचे, एक झटका, मुळांचा चिखल झटकला की पाटीत. बाया ओळीने निंदतात तेव्हा डोळे बोलणारीकडे असतात आणि हात आपलं काम करत राहतात. चांगुणाबाईचा हात ओळीत सगळ्यांच्या पुढे असायचा. पोपट नव्या बायांना सांगायचा, “बगा, हरळीवालीचा हात बगा. मागं काय ठेवत नाय.”

राहिली मिठाची गोष्ट. खारजमिनीत मीठ खाली दबून असतं. पावसाचं गोडं पाणी वर उभं राहिलं की ते खालीच राहतं, पाणी वाहून गेलं की चढतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. चांगुणाबाई तर करंगळीने माती उचलून जिभेला लावायची आणि सांगायची, अजून आठ दिवस, अजून चार. साहेबांना आधी किळस आली, मग त्यांनी स्वतःच चाखून बघितली. दोघांनी मिळून तोडगा काढला: पावसाळ्यात उघाडीला फळ्या लावून तीन दिवस पाणी कोंडायचं, तीन दिवस सोडायचं. हरळी बुडून मरत नव्हती आणि मीठ वर येत नव्हतं. सात नंबरची पट्टी सगळ्या मैदानात हिरवीगार. चेंडू ज्यात पाडायचा त्या भोकाला बाया ‘गल’ म्हणायच्या, गोट्यांच्या गलीसारखी. त्या गलीत काठी रोवून पोपट झेंडा लावायचा, आणि झेंड्याखाली उभं राहून चांगुणाबाई खाडीकडे बघायची. एवढंच तिचं सुख, आणि ते पाच वर्षं टिकलं.

जनता मात्र काही आली नाही. दोन रुपयांचं तिकीट काढून काठ्यांनी चेंडू मारायला रबाळ्याच्या कारखान्यातला कामगार कशाला येईल? रविवारी कचेरीतले चार अधिकारी यायचे, तेही तिकिटाशिवाय. उरलेले सहा दिवस मैदानात बगळे. तरी पोपट रोज सकाळी नियमाने गलीची जागा बदलायचा, कारण एकाच जागी तुडवलं की गवत मरतं. तुडवायला कुणी नव्हतं ही गोष्ट वेगळी.

चौऱ्याऐंशी साली श्यामसुंदर साहेबांची बदली झाली. निघताना ते चांगुणाबाईला एवढंच म्हणाले, “उघाडी सांभाळा.” जणू काही उघाडी तिच्या हातात होती!

नवे साहेब पावसाळ्यात आले आणि पहिल्याच फेरीत सात नंबरवर घोटाभर पाणी बघून भडकले. मैदान तळ्यासारखं का दिसतं? वरून पाहुणे येणार होते. त्यांनी फळ्या काढायला लावल्या.

चांगुणाबाई आडवी गेली. “साहेब, पानी सोडलंत त मीठ वर येल. हरली जळल. मना ठाव हाय, माजंच शेत हाय त.”

“बाई, शेत होतं. आता ग्राउंड आहे. ग्राउंडमध्ये साचलेलं पाणी काढायचं असतं, त्याला ड्रेनेज म्हणतात आणि ते माझं काम आहे.”

पाहुणे काही आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पट्टीवर पांढुरका फुफाटा दिसायला लागला, आणि हरळीची टोकं तांबूस झाली. चांगुणाबाईने माती चाखली आणि थुंकली. मग पंच्याऐंशीच्या आषाढात, सुट्टीच्या दिवशी भर संध्याकाळी, ती आणि दुर्गाबाई गेल्या. गुदामामागे टाकलेल्या फळ्या डोक्यावरून आणून त्यांनी उघाडीला ठोकल्या. फटींत चिखल लिंपला. सकाळपर्यंत सात नंबर गुडघाभर गोड्या पाण्याखाली होता, आणि चांगुणाबाईला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली होती.

साहेबांनी फळ्या उखडल्या, चहाच्या टपरीवाल्याला सरपणाला दिल्या, आणि तिला महिनाभर कामावरून बसवलं. परत घेतलं तेव्हा सात नंबरवर पाय ठेवायची बंदी घातली. ती गेटाजवळच्या एक नंबरवर निंदत राहिली. तिथून तिचं शेत दिसायचं. हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं राखाडी होताना तिने ते लांबून बघितलं. मग सहा नंबर गेला, मग आठ. कुणाला सांगणार आणि काय सांगणार?

पुढच्या वर्षी, शहाऐंशीच्या आखाडात, केशर माहेरी आली ती उदास होऊन. करंजाड्याला त्यांच्या शेताचा बांध फुटून खाडीचं पाणी आत आलं होतं. सरकारी बियाणं जळून गेलं होतं.

“आये, रात्याचं बी हाय का गो? मूठभर हाय तरी चालल. मूठभर लावीन, पुढल्या साली वाढवीन. ते जगल आमचे शेतान. सगले गावान इचारलं, कोनाकडं नाय.”

“शिजवून खाल्लं गो मी,” चांगुणाबाई म्हणाली. “आन रायलेलं याच हातान उपटलं, सात वर्सं.”

केशर तिसऱ्या दिवशी परत गेली. तिच्या घराला अजून शेत होतं, आणि त्यात पेरायला आईकडे दाणा नव्हता. चांगुणाबाईला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, खरीखुरी लाज. हरळीच्या नादी लागून आपण हे काय करून बसलो, असं ती दुर्गाबाईला दहादा म्हणाली असेल.

भादव्यात हुकूम आला. मैदान बंद, जागेचे प्लॉट पडणार. दसऱ्याच्या आधी मोजणीवाले यायचे होते आणि त्यांना जागा साफ हवी होती. बंदी वगैरे पोपट विसरून गेला, किंवा त्याने दया केली. “चला, सगळ्याजणी सात नंबरवर. शेवटचा दिवस. रान काढून घ्या.”

पंधरा महिन्यांनी ती तिच्या शेतात उतरली. हरळी मेलेली होती, मधूनमधून कसलंकसलं खारं रान माजलं होतं. दोन महिने तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. बाया ओळीने वाकल्या. दुर्गाबाई बोलत होती, आता काम कुठे मिळेल, रबाळ्याला कॅंटीनमध्ये बायका घेतात म्हणे. चांगुणाबाई हुंकार देत होती, पण तिची नजर समोर होती. मोजणीची माणसं फक्कीने पांढरी रेघ ओढत येत होती, आणि ती रेघ नेमकी उघाडीवरून जाणार होती. ती तिकडेच बघत पुढे सरकत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही. पाटी भरली तशी ती उठली, बांधापलीकडच्या ढिगावर जाऊन तिने पाटी पालथी केली.

ढिगावर, सगळ्यात वर, भाताच्या लोंब्या पडल्या होत्या.

लाल कुसाच्या, वाकलेल्या, भरत आलेल्या लोंब्या. सात-आठ ठोंबं असतील, मुळांसकट, चिखल नीट झटकलेली. हरळी जिथे मिठाने मेली तिथे राता उभा राहिला होता. राता मिठात जगतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने बघितलं नाही. हाताने बघितलं आणि उपटलं.

ती खाली बसली. एक लोंबी घेऊन तिने दाणा नखात दाबला. पांढरं दूध बाहेर आलं. दुसरी दाबली, तिसरी दाबली. सगळी ठोंबं दुधात होती. अजून पंधरा दिवस, फार तर वीस, उभी राहिली असती तर बी झालं असतं. दुधातला दाणा पेरला तर कुजतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“रडतेस कशाला गो?” दुर्गाबाई मागून म्हणाली. “हरली गेली त गेली.”

चांगुणाबाई उठून धावतच पट्टीत गेली. जिथून ओळ आली होती तिथून पुन्हा वाकून, एकेक वाफा हाताने चाचपत ती आली. एखादी काडी राहिली असेल. पाटीच्या आड, बांधाच्या पोटाला, उघाडीच्या कोपऱ्यात, एक तरी. सासूचा धपाटा आठवत आठवत तिने सगळा कोपरा पालथा घातला.

पोपट लांबून ओरडला, “झालं का, हरळीवाली? राहिलंय का काय?”

“नाय,” ती म्हणाली. “काय नाय रायलं.”